पारिसाच्या पडद्यावरचे काटे

पारिसा खोत रोज सकाळी दुकानाचं शटर वर केलं की उदबत्ती लावायच्या आधी चौकोन बघायचा. चौकोन म्हणजे त्याच्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरचा. विजेची थरथर डोळ्यांना दाखवणारं ते यंत्र. त्याला एक केबल, आणि केबलच्या टोकाला पेनासारखा प्रोब. प्रोबचं टोक यंत्राच्याच एका आकड्याला लावलं की पडद्यावर चौकोनी लाटांची रांग उभी राहते. कोपरे झिजल्यासारखे गोल दिसले, किंवा शिंगं फुटल्यासारखे वर आले, तर प्रोबच्या अंगातला तांदळाएवढा स्क्रू फिरवून ते काटकोनात आणायचे. गल्लीतले विणकरांचे माग सुरू व्हायच्या आधी हे उरकायचं, आणि हे होईपर्यंत पारिसा कुणाशी बोलत नसे.

समोरच्या कारखान्यातला मष्णू दात घासत घासत विचारायचा, “काय रं, बस्तीत देवाचं दर्शन घेऊन आलास न्हवं? मग ह्येला आणि कशाला हात जोडूलालास?”

“त्यो देव माझं बघतोय, मष्णूअण्णा. ह्यो मला दुसऱ्याचं दाखवतोय. ह्योच वाकडा असला तर?”

काय वाक्य होतं! वडगावात असली वाक्यं फुकट जात नाहीत. लोक ती जपून ठेवतात आणि वेळ आली की ज्याची त्याला परत करतात.

पारिसा मूळचा निपाणीकडच्या बेडकिहाळचा. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि ग्राहकावर छाप पाडायची असली की इंग्रजी. डिप्लोमा करून तो बेळगावात आला, तेव्हा वडगावच्या या मागांच्या गल्लीत त्याला कुणी खोली देईना. मिळवून दिली ती कंग्राळीच्या बसवंतअण्णानं. घरमालकाला त्यानं हमी काय दिली ठाऊक आहे? “ह्यो पोरगा सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळा होतोय. रात्री ह्येच्याकडं कोण येणार न्हाई, ह्यो कुठं जाणार न्हाई. ह्येच्यापेक्षा गरीब भाडेकरू तुला देवळात बी गावायचा न्हाई.” घरमालक हसला आणि किल्ली दिली.

बसवंतअण्णा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. तांब्याची तार, हातानं फिरवायचं जुनं यंत्र आणि त्याची बायको बायाक्का, एवढ्यावर त्याचा धंदा. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच मागांवर आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहेत. साडीच्या पदरात कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे पूर्वी भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवायचे. आता मागाच्या डोक्यावर बसलेला बोर्ड ठरवतो. त्या बोर्डाला बेतानं वीज पुरवणारे राखाडी पत्र्याचे डबे बसवंत करायचा. दिसायला तांदळाच्या डब्यासारखे, पण गल्लीत अर्ध्याहून जास्त घरांत तेच. डब्यात काय आहे हे कुणी बघितलेलं नव्हतं. बसवंतचा आहे, एवढं पुरे होतं.

श्रावणात अंबुबाईच्या साड्या परत यायला लागल्या.

अंबुबाईची ओळख करून द्यायची म्हणजे जपून करायला हवी. ती अजून आहे, आणि तिला वाचता येतं. चार मागांची मालकीण, आवाज पाचव्या मागाचा. तिच्या एका मागावर पदरातल्या कोयरीच्या पोटात मधूनच एक धागा भलतीकडे उठायला लागला. खडेबाजारच्या व्यापाऱ्यानं साड्यांची घडी न मोडता गठ्ठा परत पाठवला. अंबुबाई रस्त्यावर आली. “पारिसा! तुझा तो टीव्ही घेऊन ये. आज कळलंच पायजे कुणाच्या पोटात दुखूलालंय ते!”

स्कोपला गल्लीत सगळे टीव्हीच म्हणत. पारिसा तो उचलून घेऊन गेला. मागं अर्धी गल्ली. मष्णू म्हणाला, “मॅच हाय तर लाव की जरा.” पारिसानं बसवंतच्या डब्याची दोन टोकं शोधली. प्रोबला एक काळी वायर असते, तिच्या टोकाला चिमटा. तो चिमटा जमिनीच्या बाजूला, म्हणजे शून्याला लावायचा आणि प्रोबचं टोक जिथलं बघायचं तिथं. कंपनीची वायर वीतभर होती. पारिसाच्या टेबलावर ती पुरत नसे, म्हणून त्यानं कधीच तिला हातभर लांब वायर सोल्डरचा डाग देऊन जोडली होती. काम सोयीचं झालं होतं. चिमटा कुठंही पोचायचा.

पडद्यावर सरळ रेघ दिसायला हवी होती. दिसले काटे. वर काटे, खाली काटे, दाटीवाटीनं उभे.

आता बघणारी माणसं जमली होती, आणि अंबुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. अशा वेळी माणसाच्या जिभेला पाय फुटतात. पारिसा म्हणाला, “ह्यो डबा न्हाई, आक्का. ही बाभळ हाय.”

लोक खदखदून हसले. तो शब्द दुपारपर्यंत खासबागेत गेला, संध्याकाळी शहापुरात, आणि दुसऱ्या दिवशी येळ्ळूरच्या एका पाव्हण्यानं मलाच तो नवा म्हणून ऐकवला. बाभळ! बसवंतची बाभळ! अंबुबाईनं बाहेरगावचा चकचकीत तयार डबा बसवला. त्याला प्रोब लावून बघायचं कुणाला सुचलं नाही. आणि कोयरी सुधारली की हो! आठवडाभर एक धागा चुकला नाही. मग काय, गल्लीत रांगच लागली. प्रत्येकानं पारिसाला बोलावलं, प्रत्येकाच्या डब्यावर त्याच्या पडद्यानं काटे दाखवले, आणि प्रत्येकानं बसवंतचा डबा काढून माळ्यावर टाकला.

बसवंत एकदाच आला. पारिसाच्या दारात उभा राहिला. “माझ्या पुढ्यात एकदा लावून दाव की, पारिसा.”

पारिसानं लावून दाखवलं. काटे. बसवंत बराच वेळ बघत होता. त्याला पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण काटे कुणालाही कळतात. “एवढी वर्सं मी ह्येच गुंडाळलं व्हय?” एवढंच म्हणून तो गेला. भाद्रपद लागला तोवर बातमी आली की, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्याला वाइंडिंगचं, म्हणजे तार गुंडाळायचंच काम मिळतंय, दसऱ्यापासून हजर व्हायचं आहे, आणि घरातलं यंत्र तो विकायला काढणार आहे. म्हाताऱ्या वयात दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं.

इकडे अंबुबाईच्या कोयरीत धागा पुन्हा उठला.

ती तयार डब्याला शिव्या घालत आली. पारिसा म्हणाला, जुन्या डब्यानं बोर्ड बिघडवला असेल. तोंडानं म्हणाला, पण मनात कुसळ गेलं. त्यानं अंबुबाईचा जुना डबा आपल्या टेबलावर आणून ठेवला. बाभळीचा नमुना म्हणून कुणी आलं की दाखवताही येईल, असा विचार. माणूस वाईट नव्हता, पण जिंकलेल्याला ढाल मिरवावी वाटतेच.

सर्वपित्री अमावस्या आली. आमच्याकडे अमावस्येला माग बंद. गल्लीत त्या दिवशी इतकी शांतता असते की कुणाच्या घरात कुठली भाजी फोडणीला पडली ते ऐकू येतं. पारिसानं दुकान उघडलं, चौकोन बघितला, आणि सहज म्हणून जुना डबा चालू करून त्याला प्रोब लावला.

रेघ सरळ आली. ताणलेल्या धाग्यासारखी.

मी चहाला म्हणून तिथं बसलो होतो. पारिसानं चिमटा काढला, घासला, परत लावला. सरळ. डब्याला थाप मारली. सरळ. मला म्हणाला, “आज ह्येला काय झालं?”

“पितरं पावली असतील बसवंतची,” मी म्हटलं. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. मी कुतूहलानं पुन्हा गेलो; खोटं कशाला बोलू, अशा ठिकाणी मला बोलवावं लागत नाही. पारिसानं प्रोब लावला. काटे हजर. तो डब्याकडे बघत राहिला, मग वाकला आणि टेबलाखाली बघितलं. डब्याचा प्लग काढलेला होता. डबा बंदच होता. त्यात वीज नव्हती, काही नव्हतं, आणि पडद्यावर काटे नाचत होते.

त्याचा चेहरा तेव्हा मी बघितला. चुलीवरचं दूध उतू जाताना बाई जशी बघते आणि हात पुढे जात नाही, तसा तो बघत होता. मग त्यानं प्रोबचं टोक त्याच्याच चिमट्याला लावलं. स्वतःचं तोंड स्वतःच्या शेपटीला. मध्ये डबा नाही, बोर्ड नाही. तरी काटे.

पुढं त्यानं मला समजावलं ते असं. टोक आणि लांब वायर मिळून एक मोठा फास होतो. गल्लीतल्या सगळ्या मोटारी, सगळी स्टार्टरं हवेत जी कुरकुर सोडतात ती त्या फासात अडकते. जुन्या रेडिओची एरिअल जशी. वायर जितकी लांब, तितका फास मोठा. प्रोब बघत होता गल्लीचा गोंगाट, आणि नाव घेत होता बसवंतच्या डब्याचं. पारिसानं काळी वायर काढून टाकली. प्रोबचं टोपण काढलं, टोकाजवळच्या धातूच्या कड्याला उघड्या तांब्याच्या तारेचे वेढे घातले, आणि तिचं आखूड शेपूट टोकाला लागूनच शून्यावर टेकवलं. डबा चालू केला. माग धडधडत असतानाच रेघ सरळ आली.

“रोज चौकोन बघत होतो,” तो म्हणाला, “आणि वायर बघितली न्हाई.”

हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला मी म्हणजे हवाबंद डबा नव्हे, हे खरं. पण मी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. पारिसानं ठरवलं असतं तर हे तिथंच मिटलं असतं. तयार डबे सगळीकडे बसले होते. अंबुबाई सोडली तर कुणाची तक्रार नव्हती. कमला, त्याची बायको, मला दळणाच्या गिरणीत भेटली. “मामा, जेवताना दोन घासांत उठतात. काय झालंय?” मी म्हटलं, “अपचन.” खोटंही नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं पळवाट काढून बघितली. मष्णूला म्हणाला, “बसवंतअण्णाचा डबा काढून टाकला असशील तर राहू दे जवळ. तसा वाईट न्हाई तो.” मष्णू म्हणाला, “व्हय, सरपणाला येईल की. बाभळ हाय.” आणि आपल्याच विनोदावर हसत आत गेला.

शेवटी तो कंग्राळीला गेला. मी स्कूटरवर मागे बसलो, डबा माझ्या मांडीवर. बसवंतच्या घराच्या पुढच्या सोप्यात गुंडाळायचं यंत्र गोणपाटात बांधून ठेवलेलं होतं. बायाक्कानं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. पारिसा उभ्यानंच सगळं बोलला. वायर, फास, प्लग काढलेला डबा. शेवटी हात जोडले. “अण्णा, क्षमा करा.”

बसवंतनं खिशातून मोबाइल काढला आणि चष्मा लावला. “क्षमा तर गेल्या पंधरवड्यात मागितलीस की. हे बघ. कमळाचं चित्र बी हाय. ‘कळत नकळत मन दुखावलं असल्यास.’ दर साली येतंय. कितीजणास्नी धाडतोस, रं?”

पर्युषण संपल्यावर जैन लोक एकमेकांची क्षमा मागतात, त्या क्षमावणीच्या दिवशी पारिसा ओळखीच्या सगळ्यांना तो निरोप पाठवायचा. बसवंतलाही गेला होता. एका बोटाच्या दाबात.

“तवा मला ठावं नव्हतं, अण्णा.”

“तेच की. ठावं नसताना मागितलीस, तवा कमळाचं फूल बी घातलंस. आता ठावं झाल्यावर कशी दिऊ?”

बायाक्का उंबऱ्यावरून बोलली. ती आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्त लागतं. “ह्येनी दिली काय, न दिली काय. तू बाभळ म्हणालास ते आमच्या सोप्यात न्हाई म्हणालास. जितं म्हणालास तितं जाऊन सांग. मी येतो बघायला.”

आता आली का पंचाईत? बघा कशी. काटे दाखवायचे तर माग चालू हवेत. बंद गल्लीत पडदा स्वच्छ दिसतो, मग वायरीची चूक दाखवणार कशी? आणि माग चालू असले की आमच्या गल्लीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. माणसांनी बघावं तर ऐकू येणार नाही, आणि ऐकावं तर बघायला काही नाही.

नवरात्रातला एक कामाचा दिवस ठरला. पारिसानं टेबल दुकानाबाहेर रस्त्यावर आणलं. वर स्कोप, बसवंतचा डबा, जुनी लांब वायर आणि तांब्याची आखूड तार. दोन्ही बाजूंनी माग धडधडत होते. बायाक्का नेसूचा पदर घट्ट धरून गटाराच्या फरशीवर उभी होती. बसवंत आला नव्हता.

माग सोडून कुणी फार वेळ बाहेर येत नाही. एक यायचा, बघायचा, आत पळायचा, दुसरा यायचा. पारिसा लांब वायर लावून काटे दाखवायचा, आखूड लावून रेघ दाखवायचा, आणि ओरडायचा, “चूक माझी हाय! डबा चांगला हाय!” ज्यानं काटे बघितले त्याला रेघ दिसली नाही. ज्याला रेघ दिसली त्याला वाटलं डबा दुरुस्त झाला. मष्णू कानाला हात लावून ओरडला, “काय? बाभळ तोडलीस?” घसा फुटेस्तोवर पारिसा ओरडत होता, आणि त्याचा शब्द त्याच्या ओठांच्या पुढं जात नव्हता. गाववाल्यांची फजिती बघायला मला आवडतं, हे लपवून ठेवण्यासारखं नाही. पण त्या दिवशी मी मान खाली घातली.

शेवटी अंबुबाई बाहेर आली. दोन्ही बघितलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि टेबलावर चढलीच म्हणायची, पायरीच्या दगडावर उभी राहिली. मागवाल्यांची एक हातांची भाषा असते. गोंगाटात जन्म गेला की तोंडाचा उपयोग भांडणापुरता उरतो. काम हातांनी बोलतं. धागा तुटला की दोन बोटांची कात्री. गाठ उलटी मारली की अंगठ्यावर तर्जनी उलटी फिरवायची. अंबुबाईनं पारिसाकडे बोट दाखवलं आणि तर्जनी उलटी फिरवली. डब्याकडे बोट दाखवलं आणि तळहात सपाट सरकवला: स्वच्छ कापड. मग पुन्हा पारिसा, पुन्हा उलटी गाठ. दारादारातून, खिडक्यांतून, मागांच्या मधून माणसं बघत होती. क्षणात सगळ्या गल्लीला कळलं. मष्णूचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानंही हात वर करून विचारलं, उलटी गाठ? पारिसानं स्वतः अंगठ्यावर बोट फिरवलं. त्याला ती भाषा येत नव्हती. बघून बघून केली.

बायाक्कानं माझ्या कानाशी तोंड आणलं. “समजलं काय त्येना?”

“समजलं.”

“समद्याना?”

“समद्याना.”

ती मान हलवून बसच्या दिशेनं निघाली. पारिसाकडं तिनं बघितलं नाही.

अंबुबाईच्या कोयरीचं खरं दुखणं पारिसाला नंतर आखूड तारेच्या प्रोबानं सापडलं. बोर्डाकडे जाणाऱ्या पट्टीसारख्या केबलच्या जोडात कापसाची लव साचून तो सैल झाला होता. डबा बदलताना जोड काढून घातला गेला, म्हणून आठवडाभर बरं वाटलं. त्या आठवड्यावर एका माणसाचा धंदा गेला.

आणि तो परत आला, असं म्हणायची माझी लई इच्छा आहे. अंबुबाईनं जुना डबा परत बसवला. आणखी एक-दोघांनी बसवला. बाकीचे म्हणाले, आता बसवलेलं चालतंय, कोण खोलणार? बाभळ हा शब्द गल्लीतून गेला, पण त्याच्याबरोबर गिऱ्हाईक परत आलं नाही. यंत्र विकायचं तेवढं बसवंतनं थांबवलं. दसऱ्याला तो उद्यमबागेत हजर झाला.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तो कामावर जाता जाता पारिसाच्या दुकानात आला. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट. काखेत एक डबा, सुट्टीच्या दिवशी गुंडाळलेला. टेबलावर ठेवला. पारिसा उठून उभा राहिला, खुर्ची पुढं केली. बसवंत बसला नाही.

“लाव,” म्हणाला.

पारिसानं प्रोब घेतला. टोक आधी आपल्याच तारेला टेकवून बघितलं. मग डब्याला लावलं. टोक दोनदा निसटलं, रेघ हलली. तिसऱ्यांदा स्थिर झाली.

“काय दिसतंय?”

“स्वच्छ हाय, अण्णा.”

गल्लीत माग सुरू झाले होते. बसवंतनं कान पुढं केला नाही. “ऐकू आलं न्हाई. तवा बाभळ कसं मोठ्यानं सांगितलंतास? तसं सांग.”

पारिसानं माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर. मष्णू दात घासत उभा होता. पारिसा दारात गेला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “स्वच्छ हाय! बसवंतअण्णाचा डबा स्वच्छ हाय!”

मष्णूनं ब्रश तोंडातून काढून विचारलं, “कुणाचा?”

“बसवंतअण्णाचा!”

बसवंतनं डबा काखेत मारला, चप्पल घातली आणि बसच्या थांब्याकडे निघाला. चहा घ्या, असं पारिसा मागून म्हणाला. पण माग चालू होते, आणि बसवंतनं वळून बघितलं नाही.